हिमनगरीतला बिनकानाचा पेंग्विन

मित्रांनो, परभणीहून पेडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठी कमान लागते. तिच्यावर कधीकाळी 'हिमनगरी रिसॉर्ट' अशी निळी अक्षरं होती. आता 'हिम' तेवढं उरलं आहे, बाकीची अक्षरं वाऱ्यानं नेली. त्या कमानीतून आत शिरलं की उजव्या हाताला तोंड वासून जो उभा आहे, तो मी. सिमेंटचा पेंग्विन. माझ्या पोटावर 'मला वापरा' असं लिहिलेलं आहे, आणि लोकांनी मला अगदी मनापासून वापरलं आहे.

परभणीत पेंग्विन कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही हा प्रश्न बारा उन्हाळे पडलेला आहे. मे महिन्यात माझ्या डोक्यावर हात ठेवला तर चटका बसतो. पण मालक दिनकररावांना कुणीतरी सांगितलं होतं की लोक उन्हाला वैतागलेत, त्यांना बर्फ दाखवा. मग झालं! काळ्या रानात सिमेंटचा हिमालय उभा राहिला. त्याच्यावर थर्माकोलचा चुरा, खाली घसरगुंड्या आणि पोहायचा हौद, आणि बर्फातली म्हणून पांढरी अस्वलं, पांढरे ससे, एक सील आणि मी. खरा बर्फ मी आजवर एकदाच चाखला. कुणीतरी अर्धा गोळा काडीसकट माझ्या तोंडात टाकला होता.

मला घडवलं नागनाथनं. तो राणीसावरगावकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या वाट्याला मात्र गवंड्याची थापी आली. देवळांच्या शिखरांवर मोर आणि हत्ती बसवता बसवता त्याचा हात असा बसला, की सळई वाकवून, जाळी गुंडाळून तो दोन दिवसांत कुठलंही जनावर उभं करायचा. मग आठवडाभर त्याला ओलं गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा. आजारी माणसाची करावी तशी ती शुश्रूषा असायची.

पहिलं अस्वल झालं तेव्हा नागनाथनं त्याच्या पायाशी आपलं नाव कोरलं. दिनकररावांनी ते पाहिलं आणि लगेच बुजवायला लावलं.

"नाव-बिव काही टाकायचं न्हाई नागनाथ. हितं नाव एकच, कमानीवरचं."

नागनाथ 'बरं मालक' म्हणाला. गरीब माणूस बरं म्हणतो आणि मनातलं मनात ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यानं अस्वलाच्या डाव्या कानाला दोन बारीक चिरा पाडल्या. मित्रांनो, शंभर मेंढरं एका रानात मिसळली तरी कुणाची कोणती हे मेंढपाळाला कळतं, कारण प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी असते. डाव्या कानाला दोन चिरा ही नागनाथच्या घरची खूण. मालकाला त्या तडे वाटल्या. तडा कुणी बुजवायला सांगत नाही, कारण त्याला सिमेंट लागतं.

असा तो सगळा हिमालय नागनाथनं आपल्या कळपात ओढला. आणि माझी पाळी आली तेव्हा घोटाळा झाला. मोबाइलवरचं चित्र त्यानं उलटसुलट करून पाहिलं, माझ्या डोक्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतला.

"आरं, ह्याला तर कानच न्हाईत!"

 मग त्यानं माझ्या ओल्या चोचीत हात घातला, आणि वरच्या बाजूनं, आत, डावीकडे दोन चिरा पाडल्या. शेजारी अंगठा दाबला. तो अंगठा अजून माझ्यात आहे. "कान न्हाईत म्हनून तुला बिनखुनंचा सोडतो व्हय?" असं म्हणाला. माझ्या आयुष्यात माझ्याशी कुणी इतक्या मायेनं बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी नागनाथ बायकोला घेऊन आला. मनकर्णाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. आपल्या माणसानं काय केलंय ते पाहायला माणूस देवळात जावं तसं नटून येतं, हे मी तेव्हा पाहिलं. नागनाथनं त्यांना एकेका जनावरापाशी नेलं. त्या कान चाचपायच्या, चिरा बोटाला लागल्या की हसायच्या.

"हे आपलं. हे बी आपलं. आन्‌ हे अस्वल आपल्या खंड्यावानी कसं दिसायलंय हो?"

"खंड्याच हाय त्यो. अस्वल कुनी बघितलंय?" नागनाथ म्हणाला. खंड्या म्हणजे त्यांचा मेंढरांमागचा कुत्रा. वर्षानुवर्षं लोकांनी त्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून हिमालयातलं अस्वल म्हणून फोटो काढले, आणि एकालाही शंका आली नाही.

हिमालयाच्या मागे, टाकीच्या आडोशाला, जिथं कुणी पाहुणा जात नाही, तिथं त्यानं एक कोकरूही केलं होतं. ते मालकाच्या यादीत नव्हतं. उरलेल्या सिमेंटचं होतं. त्याचेही कान मनकर्णाबाईंनी चाचपले. मग दोघं माझ्याकडे यायला निघाले. मी गोणपाटात गुंडाळलेला होतो, पण त्यांची पावलं मला ऐकू येत होती. दहा पावलं उरली असतील, तेवढ्यात हौदाला गळती लागली म्हणून दिनकररावांची हाक आली.

"ह्यो एक ऱ्हायला. गंमत हाय त्याची. नंतर दावतो," नागनाथ बायकोला म्हणाला आणि पळत गेला.

ते नंतर आलंच नाही. दोन वर्षांनी नागनाथ काविळीनं गेला.

हिमनगरी मात्र तेव्हा जोरात होती. जिंतूर, गंगाखेड, सेलू कुठून कुठून शाळांच्या सहली यायच्या. गेटवरचा राखणदार सिताराम पोरांना सगळी गुपितं सांगायचा. कमानीच्या खांबांवरची नक्षी चारठाण्याच्या देवळात बसून उतरवलेली आहे. धबधब्याचा डोंगर आतून पोकळ आहे आणि मोटार चालू करायला आत वाकून जावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी सांगायचा, "कान बघा रे जनावरांचे! आमच्या नागनाथची निशानी हाय." मग पोरं कान शोधत धावायची. शेवटी माझ्याकडे येऊन थबकायची.

"काका, ह्याला कान न्हाईत!"

"त्यो नागनाथचा न्हाई. बाजारातून आनलेला असंल त्यो," सिताराम सांगायचा.

मित्रांनो, जिवंतपणी पोरका होणं काय असतं, ते मला त्या एका वाक्यानं शिकवलं. माझं तोंड तर कायमचं उघडं, पण त्यातून शब्द येत नाही. पाठीला एक पत्र्याचं दार आहे, कचरा तिथून काढतात. त्यामुळे तोंडात हात घालायची वेळ कुणावर आलीच नाही.

आणि हात कोण घालणार होतं म्हणा! दुपारी चारला मोठ्या घसरगुंडीची सावली माझ्यावर पडते, म्हणून सितारामनं आपली खुर्ची माझ्याशेजारी मांडली. सिताराम वाईट माणूस नाही. कुणाचं हरवलेलं लेकरू तो कडेवर घेऊन सगळ्या रिसॉर्टभर फिरवायचा. पण त्याला तंबाखूची सवय, आणि पिंक टाकायला शेजारीच माझं तोंड. त्याचं बघून पाहुणेही टाकू लागले, कुणी गुटखा, कुणी पान. दर दिवाळीला रंगाऱ्याचा पोरगा रंगाचा डबा घेऊन यायचा आणि आतलं न खरवडता वरून लाल रंग फासून जायचा. पिंकेवर रंग आणि रंगावर पिंक असे बारा वर्षांचे थर चढले. त्यांच्या खाली कुठंतरी दोन चिरा आणि एक अंगठा.

पुढे मोठा आजार आला आणि सगळीकडे कुलपं लागली. आमचं कुलूप पुन्हा नीट उघडलंच नाही. हौदात शेवाळ आलं, थर्माकोल उडून आजूबाजूच्या तुरीत गेलं. दिनकरराव वारले, आणि त्यांचा मुलगा योगीराज यानं जागा प्लॉटिंगला काढली. सोमवारी जेसीबी लागणार असं ठरलं.

सितारामनं माझ्याशेजारी बसूनच मनकर्णाबाईंना फोन लावला. "वैनी, सोमवारी पाडायलेत समदं. म्या योगीराजदादाला इचारलंय. एक जनावर न्या म्हनले. कोनतंबी न्या."

 पलीकडून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "भाऊ, घरात त्यांचा धड फोटू बी न्हाई. आधार कार्डावरचा तेवढा. ते कोकरू मिळंल का? दारात ठिवते. म्हंजी येताजाता त्यांचा हात दिसंल. रामकिशनची गाडी घिऊन ऐतवारी येते."

पण जेसीबीचं दुसरीकडचं काम हुकलं आणि ते शनिवारीच आलं. सिताराम आडवा झाला, हातापाया पडला. "एक कोकरू तरी ठिवा बाबा, उद्या मानूस यायलंय." ड्रायव्हरनं कोकरू उचलायचा प्रयत्न केलाही, पण नागनाथनं ते उरलेल्या सिमेंटचं केलं होतं, आत सळई नव्हती. लोखंडी दात लागताच त्याची माती झाली. अस्वलांचं, सशांचं, खंड्याचं, सगळ्यांचं तेच झालं. कान सगळ्यात पातळ, ते आधी फुटले. संध्याकाळी कमान आणि मी उरलो. आमचं काम सोमवारी.

रविवारी मनकर्णाबाई आल्या, भावाला, रामकिशनला घेऊन. अंगावर तेच हिरवं लुगडं, आता विटलेलं. केस पांढरे झालेले.  त्या ढिगात बसल्या आणि एकेक तुकडा हातात घेऊन बोटानं चाचपू लागल्या. दुपार झाली. एकही कान सापडला नाही.

"वैनी, ह्यो एक उभा हाय बगा," सिताराम खाली मान घालून म्हणाला.

त्या माझ्यासमोर आल्या. मित्रांनो, बारा वर्षांपूर्वी राहिलेली ती दहा पावलं त्या दिवशी पूर्ण झाली. त्यांनी माझ्या डोक्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला, अगदी नागनाथनं फिरवला होता तसाच.

"ह्याला कान कुठं हाईत?"

"न्हाईत. त्यो बाजारचा असंल वैनी, पर न्या की."

"त्यांनी एक दाखवायचं ऱ्हायलं म्हनले हुते. गंमत हाय म्हनले हुते." त्या वाकल्या. हात माझ्या तोंडाकडे आला. बोटं चोचीच्या कडेला लागली. आणखी चार बोटं आत, डावीकडे, वरच्या अंगाला, एवढंच अंतर होतं. पण आतला लाल चिकटा बोटांना लागला, वास आला, आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. पदराला पुसला.

"न्हाई भाऊ. ह्याच्यात बी लोकं थुकलेत. त्यांचं असतं तर असं झालं नसतं. त्यांची खून न्हाई ह्याच्यावर."

रामकिशननं गाडी वळवली. धूळ खाली बसेपर्यंत सिताराम उभा होता. मग तो खुर्चीत बसला, गमछ्यानं डोळे पुसले, आणि सवयीनं माझ्याकडे तोंड वळवून पिंक टाकली.

मित्रांनो, मला कचऱ्याचं वाईट वाटत नाही, कचरा हे माझं काम. पण वासलेलं तोंड दिसलं की थुंकायचंच, असं कुणी ठरवलं? समोरची वस्तू बाजारची असो की कुणाच्या घरची, तिच्यावर कुणाचा तरी हात फिरलेला असतो. निदान रंग फासण्याआधी खरवडा, आणि 'ह्याचं कुणी नाही' असं म्हणण्याआधी एकदा आत हात घालून बघा.

उद्या सोमवार आहे. मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापैकी कुणी राणीसावरगावकडे जाणार असेल, तर मनकर्णाबाईंना एवढा निरोप द्या. चोचीच्या आत, डावीकडे, वरच्या अंगाला. दोन चिरा. आणि शेजारी अंगठा.