कोरी बाजू

"रोज उठून आग आग म्हणून ओरडाल, तर खरी लागेल त्या दिवशी कोणी घागर घेऊन यायचं नाही," असं ग्रंथपालबाई तिला वर्षापूर्वी म्हणाल्या होत्या. ती हसली होती, आणि जिन्याचा कठडा हलतो ही तक्रार तरीही वहीत लिहून आली होती. आज मुलीला कडेवर घेऊन ती त्याच काउंटरसमोर उभी होती. हातातलं कार्ड तिने पुढे सरकवलं. बाईंनी मान वर केली नाही.

"आज काय कोसळतंय?"

"हे बघा ना. मोजणीदारांचं आहे."

या वाचनालयाची एक रीत होती. कथा-कादंबऱ्या सोडून बाकी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक खिसा, त्यात एक कार्ड. वाचून झालं की दोन-चार ओळी लिहायच्या, खाली टोपणनाव. झोपेवरच्या पुस्तकात तिने लिहिलं होतं, 'हे वाचल्यापासून तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. – धास्तीबाई.' खाली कोणीतरी उत्तर दिलं, 'म्हणजे पुस्तक जागृत आहे. – मोजणीदार.' जुन्या पुलांच्या पुस्तकात ते तिच्याआधी पोचले होते: 'उत्तम. धास्तीबाईंनी वाचू नये, नदी पोहून ओलांडतील.' तिने वाचलं आणि आठवडाभर खरंच लांबच्या रस्त्याने गेली.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता एकटे राहतात, एवढंच बाईंकडून तिला कळलं होतं. पण अक्षर तिने अंधारातही ओळखलं असतं. डावीकडे बोटभर समास, आणि ओळी दोरी लावून आखल्यासारख्या.

आजच्या कार्डावर, मधमाश्यांच्या पुस्तकातल्या, प्रत्येक ओळ मध्यावर सुरू झाली होती. डावी निम्मी बाजू कोरी. उजव्या कडेला शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "'माश्या शिस्तीच्या. लेखकाने त्यांच्याकडे शिकवणी लावावी.' विनोद तर जागच्या जागी आहे. मग?"

"विनोद आहे. अक्षरही आहे. डावी बाजू नाहीये."

"माणूस कुठूनही लिहील."

"हे नाही लिहिणार." तिने मुलीला कडेवर वर सरकवलं. "ते मेंदूवरचं पुस्तक आठवतं? मी नेलं होतं ते. मेंदूला झटका आला की कधीकधी माणसाची अर्धी बाजूच हरवते. डोळ्यांना दिसतं, पण लक्ष तिकडे वळतच नाही. ताटातलं अर्धंच जेवतात आणि संपलं म्हणतात. त्यांना स्वतःला कळतच नाही हो."

त्या पुस्तकाच्या कार्डावर तिने एकच ओळ लिहिली होती: 'असं आपल्याला झालं, तर आपल्याला सांगणार कोण?' त्याला मोजणीदारांनी उत्तर दिलं नव्हतं.

"मला त्यांचा पत्ता द्या."

"वाचकाचा पत्ता देता येत नाही." बाईंनी शिक्का उचलला. "आणि रागावू नका, पण मागे छताला तडा गेला म्हणून इंजिनिअर बोलवायला लावलंत. कोळ्याचं जाळं निघालं ते. मी स्टुलावर चढून झाडूने काढलं."

तिचे कान तापले. तेवढ्यात मुलीने वाकून काउंटरवर एकटं पडलेलं पुस्तक ओढायला हात पुढे केला, आणि तिने सवयीने तिचा हात धरला.

"हे कोणाचं?"

"त्यांचंच. सकाळी दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवली. एक उचललं आणि मला म्हणतात, 'बाई, दुसरं कधी देणार?' मी म्हटलं, चालली थट्टा. तर हे विसरूनच गेले."

मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती नेमकी काउंटरच्या मधोमध उभी राहिली, तोंड बाईंकडे. मग डावा हात सरळ पुढे केला. तो त्या पुस्तकावर पडला.

बाईंचा शिक्का वरच्या वर थांबला.

"दारातून जाताना खांदा आपटला त्यांचा," त्या हळूच म्हणाल्या. "हसले त्यावर."

"कुठला खांदा?"

बाई दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रजिस्टर ओढलं, नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. घंटी आपोआप बंद पडली, तेव्हा बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि रजिस्टरची चार पानं उलटली.

"पत्ता मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मधमाश्यांच्या पुस्तकाला पुढचा नंबर ज्यांचा आहे, त्यांना पुस्तक आलंय असं कळवायला नियम आड येत नाही. त्यांचं दार याच गृहस्थांच्या दारासमोर आहे."

त्यांनी दुसरा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच बोला. मी सांगितलं तर त्या हातातलं काम आटपून जातील."

पलीकडून एका बाईचा आवाज आला. बोलताना तिचा स्वतःचा आवाज कापत होता, तो तिने कापू दिला.

"मी वाचनालयातून बोलतेय. तुमचं पुस्तक आलंय, पण ते राहू दे. आधी समोरचं दार वाजवता का? आत्ता, फोन असाच चालू ठेवून. त्यांनी उघडलं तर त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहा आणि हाक मारा. त्यांनी तुम्हाला उजवीकडे शोधलं, तर मला सांगायला परत येऊ नका. आधी दवाखान्याची गाडी बोलवा. आणि उघडलंच नाही, तर..."

पलीकडे पावलं केव्हाच दाराकडे गेली होती.