सलमाबादचं कार्ड

बेनेडिक्टला ताठा कुठे दाखवावा तेवढं कळत नाही. माझाच मुलगा, पण आहे ते आहे.

इथे आखातात, सलमाबादच्या गोदामात कामावर असताना त्याच्या पायावर लाकडी पेटी पडली. पायात सळी बसवली, वर्षभर घरी होता. नोकरी सुटली, तरी कंपनीने दवाखान्याचा विमा तेवढा चालू ठेवला. आता मनामात एका हॉटेलात बसून करायचं काम मिळालं. तिथलाही विमा आहे, पण जुन्या दुखण्याला पहिलं वर्ष तो चालत नाही. जुन्या कंपनीने आपणहून सांगितलं होतं, सळी काढेपर्यंत आमचंच विम्याचं कार्ड वापर.

आणि या शहाण्याने काय करावं? नोकरी लागली म्हणून सलमाबादला केक घेऊन गेला, सगळ्यांना वाटला आणि कार्ड टेबलावर ठेवून आला. म्हणे, खलास, आता तुमचे उपकार नकोत.

सून फ्लोरीने बोंबील साफ करता करता मला हे सांगितलं. "आई, पाय अजून सुजतो त्याचा. सळी काढायची कशी आता?"

"तू बोलली नाहीस त्याला?"

"माझं ऐकतो का तो?"

साडी बदलली, टॅक्सी केली, थेट सलमाबाद. ऑफिसात अकीला म्हणून हैदराबादची मुलगी बसते. म्हटलं, "बेटी, मेरा लडका पागल है. उसका नाम मत काटना."

ती हसली. "अम्मा, नाम अभी है. लेकिन उनको खुद बोलना पडेगा, आज ही."

तिथूनच त्याला फोन लावला.

"आई, तू तिकडे गेलीस? व्हॉट विल दे थिंक?"

"मला इंग्लिश ऐकवू नकोस. हिच्याशी बोल."

"काल परत दिलं, आज मागू? हसतील सगळे."

"हसू देत. तुझा केक खाल्लाय, तेवढा हक्क आहे त्यांना."

मी फोन अकीलाच्या हातात दिला. त्याने कार्ड मागितलं असावं, कारण ती "जी, जी" म्हणाली आणि तिने ड्रॉवरमधून कार्ड काढून मला दिलं.

संध्याकाळी आला तो तोंड पाडून. स्टुलावर पाय ठेवला, घोटा टम्म फुगलेला.

"झालं समाधान? भीक मागायला लावलीस मला."

मी कार्ड त्याच्या खिशात कोंबलं. म्हटलं, "पाय त्यांच्या गोदामात मोडला, तो बरा होईपर्यंत दवाखाना त्यांचाच. ही भीक नाही रे गाढवा. फुकट काही गेलं असेल, तर तो तुझा केक."