बंडोपंत सरांचं मानपत्र

गौतमीला राग गिळता येत नसे. हा एक राग तर तिने चोवीस वर्षं जपून ठेवला होता, आणि त्याबद्दल तिला काडीचाही पश्चात्ताप नव्हता.

सरकारने संस्कृतला जगातली महत्त्वाची भाषा म्हणून अधिकृत मान्यता दिली आणि तालुक्यातालुक्यात गौरव सोहळे घ्या, असं पत्रक निघालं. मुळशी तालुक्याची समिती पौडला बसली. त्या समितीत एकालाही संस्कृतचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं, म्हणून मानपत्र संस्कृतातच द्यायचं, असं एकमताने ठरलं. सचिव शेखर हा माले गावचा, गौतमीचा चुलतभाऊ. गौतमी पुण्यात कॉलेजात संस्कृत शिकवायची. त्याने तिलाच फोन लावला.

"ताई, मानपत्र तूच लिव्हायचं आन् तूच वाचायचं. आपल्यात दुसऱ्या कुनाला येतंय?"

"सत्कार कुणाचा?"

"बंडोपंत सरांचा. आता सूसला ऱ्हात्यात. आख्ख्या मुळशीला त्यांनीच तर संस्कृत शिकवलं."

"लिहिते," गौतमी म्हणाली. फोन ठेवल्या ठेवल्या तिने आनंदाने कागद पुढे ओढला.

आठवीत असताना संस्कृतच्या पहिल्याच तासाला ती उभी राहिली होती. सुट्टीभर घोकलेला श्लोक तिने म्हणायला घेतला. दोन ओळी ऐकून बंडोपंतांनी हात वर केला. "माल्याच्या जिभेवर ही भाषा बसत नाही. उगाच बाटवू नकोस. जा, हिंदीच्या वर्गात बस." वर्ग खदाखदा हसला. दुसऱ्या दिवशी आई, रंभाबाई, पायलीभर आंबेमोहर घेऊन त्यांच्या घरी गेली, हात जोडून उभी राहिली. बंडोपंतांनी तांदूळ ठेवून घेतला. मुलीला मात्र वर्गात घेतलं नाही. पुढे पुण्याला जाऊन गौतमी जिद्दीने संस्कृत शिकली. शेजारी कुणाकडे भात शिजला आणि त्याचा वास आला, की गौतमीला अजून तो दिवस आठवायचा, आणि ती चरफडायची.

तिचा बेत साधा होता. त्या दिवसाची सगळी हकिकत तिने शुद्ध, घोटीव संस्कृतात लिहिली. भरल्या सभागृहात ती कळणार होती एकट्या बंडोपंतांना. अंगावर शाल, तोंडावर हसू ठेवून त्यांनी ती मुकाट ऐकायची, आणि वर त्या हकिकतीचीच फ्रेम घरी न्यायची!

सोहळ्याला पौडचं मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. रंभाबाई दुसऱ्या रांगेत बसली होती. गौतमीने मुद्दामच आणलं होतं तिला. बंडोपंत शाल-श्रीफळ घेऊन उभे होते. लग्नानंतरच्या आडनावामुळे त्यांनी गौतमीला ओळखलंच नाही. ओळखावं असं ती कुणी नव्हतीच त्यांच्या लेखी.

तिने वाचायला सुरुवात केली. ती जरा थांबली की लोक टाळ्या वाजवत होते. "भवान् तां बालिकां वर्गाद् बहिः कृतवान्," ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. त्या मुलीला आपण वर्गाबाहेर काढलंत.

बंडोपंतांनी मान डोलावली. "वा! वा!"

तांदळाचं वाक्य आलं तेव्हा तर त्यांनी गहिवरून डोळे टिपले.

गौतमीच्या लक्षात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांना काही कळतच नव्हतं! तीस वर्षं यांनी गाइडातली उत्तरं फळ्यावर उतरवली, पोरांकडून घोकून घेतली, मार्क पाडले. एवढ्या भांडवलावर या माणसाने तिची जीभ तोलली होती. आईला दारात उभं केलं होतं.

तिने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"आता हेच मानपत्र माल्याच्या बोलीत सांगते," ती माइकमध्ये म्हणाली. "ही बोली हितं समद्यांना कळती. सर, तुमाला बी कळंल."

आणि तिने सांगितलं. श्लोक, हसणारा वर्ग, बाटवण्याचा शब्द. "ही माजी आय. हिच्याकडनं तुमी पायलीभर तांदूळ घेतला, आन् हिच्या पोरीला हाकललं."

टाळ्या थांबल्या. शेखरने माइकवाल्याला खुणा केल्या, पण माइकवाला कान देऊन ऐकत होता. रंभाबाईने पदर तोंडाला लावला नाही. ती बंडोपंतांकडे टक लावून बघत राहिली.

"मला... मला असं काही आठवत नाही," बंडोपंत पुटपुटले.

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. "सर, मी शंभू, घोटावड्याचा. मला बी काढलं व्हतं वर्गातनं."

"आन् मला," खिडकीजवळची एक बाई म्हणाली.

मग डावीकडून कुणीतरी उठलं. पाठोपाठ दोघं भाऊ उठले. गौतमी एकटीचं उट्टं काढायला आली होती. आता तिने माइक स्टँडवरून काढला आणि पायऱ्या उतरून शंभूच्या हातात दिला.

बंडोपंतांनी श्रीफळ काखेला मारलं. ते मागची खुर्ची चाचपू लागले.

"बसू नका, सर," गौतमी खालूनच म्हणाली. "मानपत्र वाचून व्हायचंय अजून."