बिननावाची पिल्लं

सातवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा नवऱ्याने तिला टॅबवर प्राणिसंग्रहालयाचा खेळ घालून दिला.

वेळ जावा म्हणून घेतलेला खेळ तिला चांगलाच चिकटला. पिल्लांना बाटली पाजायची, गारठली की दिवा लावायचा, दांडगोबा बापाला वेगळ्या पिंजऱ्यात घालायचं, सगळं ती डोळ्यांत तेल घालून करी. फक्त नवं पिल्लू जन्मलं की खेळ नाव विचारी, तेव्हा ती जागा रिकामी सोडी. मग खेळच आकडा लावून मोकळा होई: पिल्लू एक, पिल्लू दोन. येणाऱ्या बाळाचा विषय निघाला तरी ती कूस बदले. गेल्या वेळी पाचव्या महिन्यातच नाव ठरवलं होतं, आणि सहाव्यात सगळं संपलं होतं. या खेपेला जीव लावायचाच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी तिचा डोळा लागला, म्हणून सासूबाईंनी पिल्लं सांभाळायला घेतली. नसत्या उठाठेवीत सासूबाईंचा हात कोण धरणार! ती जागी झाली तोवर पाणघोड्याचं पिल्लू ‘ढोल्या’ झालं होतं, जिराफाचं ‘लंबूताई’, आणि सदा लोळणारं अस्वल, सासूबाईंच्या आळशी दिराच्या आठवणीने, थेट ‘भाऊजी’.

तिला हसू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई, कुणी सांगितलं होतं नावं द्यायला? नाव दिलं की जीव अडकतो. उद्या एखादं गेलं म्हणजे?"

"आणि नाही दिलं तर अडकत नाही होय?" सासूबाई टॅब पुसत म्हणाल्या. "गेल्या वेळी तुम्ही ठरवलेलं नाव मला कुठे सांगितलं होतंत? मग मीच एक ठरवलं, मनातल्या मनात. अजून भाजी निवडताना तोंडात येतं गं."

त्या वेळी याच बाईने दुसऱ्या दिवशी घरभराचे पडदे धुवायला काढले होते. तो राग तिने अजून सोडला नव्हता.

"काय नाव?"

सासूबाईंनी सांगितलं. अगदी जुनाट नाव. एरवी तिने नाक मुरडलं असतं. आता तिला रडू आवरेना, आणि सासूबाईंनाही.

त्या हुंदक्यांनी पोटातलं बाळ जागं झालं आणि त्याने सणसणीत लाथ मारली. तिने सासूबाईंचा हात ओढून तिथे ठेवला.

सासूबाई वाकून पोटाला दटावू लागल्या, "हळू रे बाळा. आईला लागतंय ना तुझ्या."

तिला आजवर कुणी आई म्हटलं नव्हतं.