दुकानाच्या भिंतीवरचा समुद्र

मी कागदाचा एक लांबलचक पट्टा बोलतोय. समुद्र मी कधी पाहिला नाही, तरी अंदमानच्या समुद्राचा तळ माझ्या अंगावर आहे.

एका जहाजाने पाण्यात आवाज सोडला. तो तळाखालच्या थरांवर आदळून परत आला आणि त्या प्रतिध्वनींच्या रेघांतून माझा जन्म झाला. तिथे ज्वालामुखींच्या रांगेपुढे एक खोल खोरं आहे, युगानुयुगांच्या गाळाने भरलेलं. त्या गाळात तेल आहे का, हे माझ्या रेघा वाचून ठरवायचं होतं. ते काम धुळ्याच्या मिसबाहकडे आलं.

मिसबाह भूगर्भशास्त्र शिकलेली. मला घेऊन ती घरी आली. घर म्हणजे तिच्या अब्बांच्या, गफूरभाऊंच्या गादीच्या दुकानामागची खोली. खोली चिमुकली, मी हा एवढा! तिने मला अर्धंच उलगडलं. बाकीचा मी गुंडाळी होऊन कपाटाला टेकून राहिलो. रंगीत पेन्सिलींनी ती एकेक थर रंगवायची. मग जमिनीला गाल टेकून, एक डोळा मिटून माझ्यावरून तिरपं बघायची. तसं पाहिलं की रेघांचे चढउतार उठून दिसतात.

एके दुपारी तिला एक ठळक रेघ दिसली. थर तिरपे, ही मात्र सपाट, साचलेल्या पाण्याच्या पातळीसारखी.

"अब्बा, इथे थरांतल्या पाण्यावर वायू साठलाय! तेलही असेल. विहीर खणा म्हणून सांगते."

गफूरभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मी गुंडाळीत घुसमटत होतो, पण कागदाला तोंड कुठलं?

विहीर खणायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी अब्बांनी दुकानातला कापूस बाजूला सारून जागा केली. मी पहिल्यांदाच पुरता पसरलो. मिसबाहने गाल टेकला आणि ती तशीच पडून राहिली. माझ्या उरलेल्या अर्ध्यात समुद्राचा तळ उतरत जातो. ती रेघही त्याच्या मागोमाग उतरत होती. पाण्यावर साठलेल्या वायूची रेघ अशी उताराला लागत नाही. थंडीने गोठलेल्या वायूच्या थराचा तो खालचा काठ होता. त्याच्या भरवशावर खणलेली विहीर वाया गेली असती.

"चुकले मी, अब्बा. आता लोकांना काय तोंड दाखवाल?"

गफूरभाऊंनी तिच्या गालाला चिकटलेला कापूस झटकला. मग म्हणाले, "पेढे मी वाटले, बेटा. लोकांना मीच सांगेन. तू खरं तेच लिही."

'इथे विहीर नको,' असं तिने लिहून दिलं. काम संपल्यावर अब्बांनी मला मागून घेतलं. आता मी दुकानाच्या भिंतीवर आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिंजलेल्या कापसाची धूळ बसून माझे रंग मळले आहेत. कधी उतरवलंत तर एवढी दया करा, मला अर्धा गुंडाळू नका.

परवा शिंदखेड्याचे धनसिंग गादी न्यायला आले. माझ्याकडे बघत अहिराणीत म्हणाले, "गफूरभाऊ, तेल कोठे शे?"

गफूरभाऊंनी हातातली सुई खाली ठेवली. उठले, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि लेकीसाठी पेढे वाटताना होता त्याच आवाजात म्हणाले, "आठे तेल नही शे. मनी पोरनी सांगं."