एका नावासाठी अडलेला शिक्का

मित्रांनो, नारीन शहरातल्या नोटरी ओस्मोनबाइकेंच्या टेबलावर वाढलेला मी एक जुना, लाकडी मुठीचा गोल शिक्का आहे. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. कारागिराने माझ्या पितळेवर अक्षरे कोरली, तेव्हापासून कागद दिसला की माझा जीव कासावीस होतो.

माझ्या ठशाशिवाय नव्या कंपनीचे कागद सरकारी खिडकीत कोणी हातात घेत नसे. त्यामुळे मला फार भाव होता.

एका वसंतात झूरा आपा आणि त्यांची सून सायकाल आल्या. आमच्याकडे प्रत्येक थोरल्या बाईला आपा म्हणतात. दोघी मिळून लोकरीचे नमदे, म्हणजे जमिनीवर अंथरायचे जाड गालिचे, करीत. कंपनी झाली तर नमदे थेट विकता येणार होते, नाहीतर पुन्हा दलालाचे पाय धरायचे. दुसऱ्या दिवशी आपा गुरे घेऊन डोंगरावरच्या कुरणात निघणार होत्या, त्या थेट शरदात परतणार. म्हणून काम आजच व्हायला हवे होते.

ओस्मोनबाइकेंनी अर्ज वाचून कपाळाला हात लावला. भागीदाराच्या जागी सायकालने लिहिले होते, 'आमच्या आपा'.

"अगं सूनबाई, या गावात खडा टाकला तर कुठल्या तरी आपालाच लागेल! नाव सांग."

सायकालने मान खाली घातली. आमच्याकडे सून सासूचे नाव उच्चारत नाही.

"मी सांगते ना," आपा म्हणाल्या.

"तुम्ही नको. हिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. उद्या म्हणेल, मला भागीदारीत बळंच बसवलं!"

कचेरी बंद व्हायची वेळ आली. मी शाईच्या गादीवर नुसता तळमळत होतो.

शेवटी आपा करवादल्या, "नमदा शिवताना माझ्याशी भांडतेस, तेव्हा नाही जीभ अडत! कागदावर माझ्या शेजारी बसायचंय ना? मग घे नाव. मी सांगतेय."

"झूरा," सायकाल पुटपुटली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"मोठ्यानं!"

"झूरा!"

आपा खदखदून हसल्या. त्या दिवसाइतका जोरात मी कधीच आदळलो नाही.

आता हे काम संगणकावर होते. माझी शाई वाळली, मी खणात पडून असतो. आपा वारल्यावर सायकाल एकटी आली. संगणकापुढच्या नव्या साहेबांनी विचारले, "भागीदारांतून वगळायचं नाव?"

"झूरा," ती खणखणीत म्हणाली. "पण वगळायचं नाही, कंपनीला द्यायचंय."

खणात मी धडपडलो, मुठीवर आपटलो. पण त्या कागदाला माझी गरजच नव्हती.

मित्रांनो, मला भंगारात देऊ नका. आणि ज्यांच्या शेजारी बसून काम करता, त्यांचे नाव ती माणसे ऐकत असतानाच मोठ्याने घ्या.