पंचफुलाचा भाता

“पंचफुले, सांग त्याले, रिबीट थंडं येऊन राहिले!” पुलाखाली टांगलेल्या मचाणावरून रुपराव ओरडला.

पंचफुलाने भात्याचा दांडा फिरवता फिरवता शेजारी पाहिले. रामाजी तिच्या हाताच्या अंतरावरच भट्टीपाशी उभा होता. रुपरावचे बोलणे त्याला ऐकू गेले नसेल, असे होणे शक्यच नव्हते. तरी तिने निरोप पोचवला.

“रामाजीभाऊ, रिबीट थंडं येऊन राहिले म्हणते.”

“त्याले म्हणा, डबा वेळेवर पुढं करत जा.”

“रुपरावभाऊ, डबा...”

“आयकलं मी! बहिरा नाही झालो!”

गर्डरवर घण मारणारी माणसे खदाखदा हसली. वर्षभर हे असेच चालले होते.

कोलार नदीवरचा हा पूल इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीचा. बांधला इंग्रजांच्या काळात. दगडी खांब अजून ठणठणीत होते, पण वरचे लोखंड जागोजागी गंजून पोखरले होते. गाडी पुलावर आली की बैलगाडीसारखी चाले. उतारू खाली उतरतात, नदीच्या रेतीतल्या खरबुजांच्या वाडीतून डांगरू घेतात आणि पलीकडे जाऊन पुन्हा डब्यात चढतात, अशी थट्टा पाटणसावंगीच्या बाजारात चालायची. अखेर एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात पुलाची डागडुजी निघाली. कुजलेल्या पट्ट्या कापून नव्या बसवायच्या आणि रिबिटांनी, म्हणजे तापवून ठोकायच्या लोखंडी खिळ्यांनी, पक्क्या करायच्या.

रामाजी भट्टीत रिबीट तापवायचा आणि सांडशीने वर भिरकावायचा. मचाणावरचा रुपराव ते लालभडक लोखंड पत्र्याच्या डब्यात झेलायचा. पोरवयापासून दोघांची जोडी होती. रामाजीचा खांदा हलला की रुपरावचा डबा आपोआप त्या बाजूला वळे. पण मागच्या चैत्रात रुपरावच्या मुलीचे, नीलाचे लग्न झाले आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद पडले. का, ते दोघेही सांगत नव्हते.

मधल्यामधे पंचफुला सापडली. नवरा गेल्यावर ती रेल्वेच्या पूल-दुरुस्तीच्या गँगमध्ये लागली होती. आधी रेतीची घमेली वाहिली, मग भाता तिच्याकडे आला. हे काम तिला मनापासून आवडे. काळे लोखंड आधी लाल, मग नारिंगी होई आणि शेवटी त्यातून उजेड फुटे. आपण दांडा फिरवतो म्हणून हे होते, या विचाराने तिला रोज नव्याने बरे वाटे. या खांबांचे दगड तिच्या आजीने डोक्यावरून वाहिले होते, असे घरात सांगत.

आज शेवटची पट्टी होती. दुपारून चाचणीचे इंजिन येणार होते. काठावर डांगरांच्या पाट्या रचून वाडीवाले बसले होते. कामासाठी बंद ठेवलेली लाइन सुरू झाली तरच त्यांचा माल इतवारीला जाणार होता, नाहीतर रेतीतच सडणार. मुकादम भैय्याजी सारखा वर-खाली करत होता.

तेवढ्यात रुपराव म्हणाला, “पंचफुले, सांग त्याले, थांब म्हणा. मी जागा बदलून राहिलो.”

पण रुपरावच्या बोलण्याकडे कान न द्यायची रामाजीला सवय लागली होती; पंचफुलाने तोंड उघडेपर्यंत त्याच्या सांडशीतून रिबीट सुटले होते. जळते रिबीट रुपरावच्या कानाजवळून गेले, खांद्यावरचा दुपट्टा चाटून खाली डबक्यात पडले आणि चर्र झाले. रुपरावने पेटलेला दुपट्टा झटकून फेकला. त्याला काही लागले नव्हते.

पंचफुलाने भात्याचा दांडा सोडला.

“काय झालं वं?” रामाजीने विचारले. त्याचा चेहरा उतरला होता.

“मी भाता नाही फिरवत. आधी तुमी दोघं बोला.”

भैय्याजी धावत आला. “बाई, इंजिन येऊन राहिलं! साहेब मले उभा जाळन!”

“जाळू द्या. माणूस मेला असता आता. माया जिभेच्या भरवशावर याइचा जीव नाही टांगत मी.” ती रेतीत मांडी घालून बसली. भट्टीतला निखारा मंदावू लागला.

मग रामाजी मान वर करून एकदम ओरडला, “तुया पोरीच्या लग्नात मी उपाशी गेलो! इतवारीतून पितळेची घागर घेऊन आलो, अन् तू मले जेव म्हणून नाही म्हटलं!”

“तुले?” रुपराव मचाणावर उभाच राहिला. “तुले पाहुण्यांत कायले बसवू? आपण दोघं शेवटच्या पंगतीत बसणार होतो! तुयं ताट वाढून मी बसलो, तर तू गायब! दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. मीबी नाही जेवलो!”

“तू नाही जेवला?”

“पोरीची शप्पथ.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तू इचारलं काहून नाही?”

काठावरचा एक म्हातारा वाडीवाला म्हणाला, “म्हणजे घरचं लग्न, अन् दोघंबी उपाशी!” गर्डरवरची माणसे पोट धरून हसू लागली. रामाजीने दुपट्ट्याने तोंड पुसले. घाम पुसला की डोळे, हे कोणी विचारले नाही. पंचफुला उठली आणि तिने दांडा असा फिरवला की भट्टी फुलून आली.

मग जे काम झाले ते पाहण्यासारखे होते. रामाजीचा हात वर, रुपरावचा डबा खाली, वर घणांचा ठेका. पण वर्षभराचे बोलणे तुंबलेले! नीलाला दिवस गेलेत, रामाजीची म्हैस व्याली, सगळे फेकता-झेलताच सुरू झाले. शेवटी पंचफुलाच ओरडली, “आता चूप राहा गा! इंजिन येईल!”

शेवटचे रिबीट बसले आणि पलीकडून शिटी ऐकू आली.

“पंचफुले, ये वर,” मचाणावरून पुलावर चढून रुपरावने हाक दिली. तिने भैय्याजीकडे पाहिले. त्याने ‘जा’ म्हणून मान हलवली. इतकी वर्षे ती कुठल्याही पुलावर काम असले तरी खालीच राबली होती. रामाजीने पुढे होऊन तिला काठाच्या पायऱ्यांनी वर नेले. रुळाबाजूला माणसांना उभे राहायला कठड्याचा सज्जा केला होता, तिथे तिघे उभे राहिले. खाली वाळूत तिची भट्टी एवढीशी दिसत होती.

इंजिन पुलावर आले, आणि या वेळी ते रेंगाळले नाही. काठावरून आरोळ्या उठल्या. ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला. रुपराव आणि रामाजीचे लक्षच नव्हते. नीलाच्या बाळंतपणाला गावठी तूप कोण आणणार, यावर त्यांचे भांडण लागले होते.

पंचफुलाने शेजारच्या नव्या पट्टीवर तळवा ठेवला. लोखंडाची थरथर तिच्या कोपरापर्यंत चढली. रिबिटांची गोल डोकी गरम होती. उन्हाने की तिच्या आगीने, तिला कळेना. इंजिन पार पलीकडे गेले तरी तिने हात काढला नाही.